सहा लाटणी, एक कागद

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत मे महिन्यात बायका पापडांवरून ओळखल्या जात. अमकीचा पापड कागदासारखा, तमकीचा घोंगडीसारखा, असं तोंडावर सांगितलं जाई आणि कोणी रागवत नसे. माझ्या पापडाला मात्र कोणी काहीच म्हणत नसे. एकदा सटाण्याच्या काकूंनी तो उचलून उजेडात धरला, चारी बाजूंनी फिरवला आणि काही न बोलता परत ठेवला. तेव्हापासून लाट्या तोडणं आणि गच्चीवर कावळे हाकलणं एवढंच काम माझ्याकडे आलं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मला चित्रकार व्हायचं होतं, आणि चित्रकाराला लाटणं धरता येत नसलं तरी चालतं, अशी माझी ठाम समजूत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं बी.कॉम. झालं होतं आणि पुढे काय, ह्या प्रश्नाला मी घरात रोज वेगळं उत्तर देत होते. तेवढ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये दहा दिवसांचं शिबिर लागलं. बडोद्याहून आलेले एक सर मोनोटाइप शिकवणार होते. मला तो शब्दही माहीत नव्हता, पण शिबिर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच होतं, म्हणजे पापडांच्या दिवसांत घराबाहेर राहण्याची सोय होती. मी लगेच नाव दिलं.

मोनोटाइप म्हणजे तसा पोरखेळच. एका गुळगुळीत पत्र्यावर छापखान्याची काळी शाई रबरी रोलरनं पसरायची. मग चिंधीनं, काडीनं, बोटानं ती पुसत पुसत चित्र काढायचं. त्यावर ओलसर कागद ठेवायचा, वरून सगळीकडून दाबायचा आणि उचलायचा. चित्र कागदावर उलटं उमटतं. गंमत अशी की ते एकदाच उमटतं. शाई कागदावर गेली की पत्र्यावर उरतो तो नुसता धुरकट डाग. त्याची दुसरी प्रत ब्रह्मदेवालाही काढता येत नाही.

तळमजल्याच्या काकूंचे यजमान प्रेसमध्ये होते. कॉलनीत ‘प्रेस’ म्हटलं की नोटांची प्रेस, दुसरी कुठली नाही. मी त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना हसता हसता उचकी लागली. “एकच प्रत? मग त्याला छापणं कशाला म्हणतात?” ते पाणी पिऊन परत हसले. मी संतापून घरी आले. मला तेव्हा फार लवकर संताप यायचा. आताही येतो, पण आता गुडघे दुखत असल्यामुळे मी उठून जात नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सरांनी सांगितलं, की इथल्या एकाला ते वर्षभर बडोद्याला आपल्या स्टुडिओत घेऊन जाणार. राहायचं तिथे, शिकायचं तिथे. अट एकच. पंधरा जूनला ते परत नाशिकला येतील, तेव्हा प्रत्येकानं चार फूट बाय तीन फुटाचा एक मोनोटाइप दाखवायचा. जोड नसलेला, अखंड. यंत्र न वापरता, हातानं दाबलेला. “लहान कोणीही करतं,” सर म्हणाले. “मोठ्यात दाब कळतो.”

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की रात्री जेवण जाईना. आयुष्यात इतकं काही हवं असल्याची मला सवय नव्हती, त्यामुळे मी सगळ्यांशी भांडू लागले.

आमच्या ओट्याला लावून उरलेला सनमायकाचा एक मोठा तुकडा कपाटामागे पडून होता. तो झाला माझा पत्रा. शाई लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून मागून आणली. दाबायला घेतली वरणाची पळी, कारण शिबिरात आम्ही चमच्याच्या पाठीनं घासत होतो आणि मोठ्या कागदाला मोठा चमचा, हे मला शास्त्रशुद्ध वाटलं.

पण मे महिन्याचं ऊन माझ्या शास्त्रापेक्षा भारी होतं. कागद ओलसर असला तरच शाई घेतो. मी एका कोपऱ्यातून घासायला सुरुवात करायची, आणि अर्ध्यावर पोचेपर्यंत उरलेला अर्धा कागद वाळून कडा वर करून बसायचा. मी कूलरसमोर काम करून पाहिलं, तर कागद उडाला आणि शाईची बाजू आईच्या चादरीवर पडली. मी न्हाणीघरात काम करून पाहिलं. तिथे कागद ओला राहिला, पण इतका, की उचलताना त्याचा लगदा हातात आला. असे सात कागद गेले. आठव्याला मी पळी भिंतीवर फेकली.

आई दारात उभी होती. तिनं पळी उचलली, पुसली आणि म्हणाली, “पाच किलोचं पीठ एकटीनं लाटायला बसलीस तर शेवटच्या लाट्या वाळणारच.”

“हे पापड नाहीयेत.”

“दिसतंय ते. पापड लाटायला आम्ही सहाजणी बसतो.”

मला पटायला दोन दिवस लागले. पण गणित बरोबर होतं. सहा जणींनी एकदम दाब दिला तर कागद वाळायच्या आत काम संपत होतं. अडचण एवढीच, की कॉलनीत पापडाचं काम कोणी कोणावर उपकार म्हणून करत नसे. ज्या घरचे पापड त्या घरी सगळ्यांनी आपापलं लाटणं घेऊन जायचं, आणि त्या घरच्या बाईनं पुढे प्रत्येक घरी जाऊन ते फेडायचं. आईनं हा विषय बायकांपुढे मांडला. त्यांनी विचार केला आणि मान्यता दिली. मी सहा घरी पापड लाटायचे, मग त्या माझा कागद लाटणार.

“लाट्या नाही हं तोडायच्या,” तळमजल्याच्या काकू म्हणाल्या. “लाटायचंच.”

मी सहा दिवस लाटले. माझ्या पापडांचा ढीग प्रत्येक घरात वेगळा ठेवला गेला. सटाण्याच्या काकूंनी तर त्यावर फडकं झाकलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडू नये. सहाव्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले होते आणि मला पहिल्यांदा कळलं, की लाटण्यावर जोर हाताचा नसतो, खांद्याचा असतो. हे शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी आमच्या पुढच्या खोलीतलं सामान बाहेर काढलं आणि सनमायका जमिनीवर मांडला. चित्र मी आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीवर चढून ठरवलं होतं. वरून दिसणारी गच्ची, आणि गोल बसून पापड लाटणाऱ्या बायका. मी पहाटेपासून शाईतून तो गोल पुसून काढला. चित्र झालं. बायका आल्या. आई, तळमजल्याच्या काकू, सटाण्याच्या काकू, समोरच्या दोन घरांतल्या दोघी जावा आणि घोटीच्या काकू.

घोटीच्या काकूंबद्दल सांगायला हवं. त्या बोलत नसत. पापडाला बसल्या तरी भिंतीच्या कोपऱ्यातली जागा धरायच्या आणि बाजूला तांदळाच्या पिठीची वाटी ठेवायच्या. पोळपाटावर त्या अशी काही चिमूट सोडायच्या की पिठी दिसायची नाही आणि पापडही चिकटायचा नाही. सगळ्यात पातळ पापड त्यांचा. पण तो कोणी उजेडात धरून बघितल्याचं मला आठवत नाही, कारण तो चांगलाच असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

मी भिजवलेला कागद आणायला आत गेले. परत आले तर घोटीच्या काकू माझ्या पूर्ण चित्रावर पिठी भुरभुरवत होत्या.

“चिकटंल ना गं,” त्या म्हणाल्या.

मी किंचाळले. चिकटण्यासाठीच तर होतं सगळं! आईच्या वयाच्या बाईवर मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर येऊन विचारपूस करून गेलं. काकूंनी वाटी उचलून पाठीमागे ठेवली आणि मान खाली घातली. मी सगळी शाई रॉकेलनं पुसली, परत लावली, परत चित्र काढलं. तोवर बायकांचा दोनदा चहा झाला आणि दोघी जावांनी आपापसात जुनं भांडण उकरून काढून मिटवूनही टाकलं.

दुसऱ्या वेळी कागद नीट बसला. वर वर्तमानपत्रांचे थर घातले. सहाजणी भोवती बसल्या, पदर खोचले, लाटणी सरसावली. आईनं “हं” म्हटलं आणि सुरू झालं.

तो आवाज मी विसरलेली नाही. सहा लाटणी आणि बांगड्या. मी वरून “कडेला दाबा, मध्ये दाबा” असं ओरडत फिरत होते आणि कोणीही माझं ऐकत नव्हतं. दोघी जावांमध्ये हद्दीवरून कुरबूर झाली, तेव्हा मोठीनं हेअरपिन मध्ये ठेवून सीमा आखली. तळमजल्याच्या काकूंनी भाकरीसारखा एक कोपरा उचलून खाली डोकावून पाहिलं आणि “अजून कच्चं आहे” असं जाहीर केलं. मी रडायच्या बेतात होते.

मग आईनं आणि मी दोन टोकं धरून कागद उचलला.

बाकीच्या पाचजणी पुढे वाकल्या. मग सटाण्याच्या काकू म्हणाल्या, “हाई काय शे, माय!”

चित्र आलं होतं. नुसतं आलं नव्हतं, मी काढलं त्याहून चांगलं आलं होतं. कारण काळा रंग सगळीकडे एकसारखा नव्हता. आईच्या बाजूला तो ठाम होता, तळमजल्याच्या काकूंकडे लाटांनी उतरत गेलेला, जावांच्या मध्ये एक पांढरी रेघ राहिलेली. आणि बायकांनी चित्रात कोण कुठे बसलंय ते पाहिलंच नाही. प्रत्येकीनं आधी आपला दाब ओळखला. “हा माझा हात.” “हा बघ, माझा.”

घोटीच्या काकूंच्या कोपऱ्यात काळ्यावर बारीक पांढरे कण पसरले होते, उडीद पाखडताना उजेडात भुस्सा उडतो तसे. मी त्यांच्याकडे बघितलं.

“थोडीशीच टाकली,” त्या हळूच म्हणाल्या.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. अख्ख्या कागदात तो कोपरा सगळ्यात सुंदर होता.

“चला,” तळमजल्याच्या काकू लाटणं सरळ करत म्हणाल्या, “आता दुसरा.”

मी सांगितलं, दुसरा नाही. एकच निघतो. हे मी आधीही दहा वेळा सांगितलं होतं, पण तेव्हा ते बोलण्यातलं होतं. आता हाहाकार उडाला. सहाजणींनी लाटायचं, प्रत्येकीचा हात त्यात दिसायचा आणि निघायचा एकच, असं कॉलनीत कधी घडलं नव्हतं. लहान जाऊ म्हणाली, कात्रीनं सहा भाग करू. मोठी म्हणाली, झेरॉक्स काढू. आम्ही खरंच तो कागद गुंडाळून झेरॉक्सवाल्याकडे नेला. त्यानं कागद उलगडला, मशीनकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एका बाईच्या फक्त डोक्याची झेरॉक्स काढून दिली. ते कोणाचं डोकं आहे ह्यावर परतीच्या रस्त्यात एकमत झालं नाही.

शेवटी आईनं निवाडा दिला. पंधरा जूनला एकोणीस दिवस होते. सहा घरं, प्रत्येक घरी तीन दिवस. उरलेल्या दिवशी चित्र माझं.

पुढचे अठरा दिवस मी कॉलनीत पहारेकऱ्यासारखी फिरले. पहिली पाळी आमच्याच घरची, ती सुखात गेली. मग तळमजल्याच्या काकूंकडे यजमानांनी तीन दिवस भिंग घेऊन चित्र तपासलं आणि पांढऱ्या रेघेबद्दल लेखी खुलासा मागितला. सटाण्याच्या काकूंनी ते उलटं टांगलं, वरची बाजू खाली. “तूच म्हणालीस ना उलटं छापतं म्हणून,” त्यांनी मला समजावलं, “म्हणून आम्ही सुलटं केलं.” जावांच्या पाळ्यांच्या शेवटी चित्र जागेवर नव्हतं. ते लॅमिनेशनला गेलं होतं. मी चप्पल न घालता धावले. दुकानातली मशीन जेमतेम रेशनकार्डाएवढी होती, म्हणून ते वाचलं. चार फुटांचा कागद करायला लावल्याबद्दल मी त्या दिवशी सरांचे मनातल्या मनात आभार मानले.

शेवटची पाळी घोटीच्या काकूंची. चौदा तारखेला संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. बाहेरच्या खोलीतली सगळी भिंत त्यांनी रिकामी केली होती. कॅलेंडर, आरसा, मुलाचा शाळेतला फोटो, सगळं दुसऱ्या भिंतीवर दाटीवाटीनं. इथे फक्त चित्र, टाचण्यांनी नाही, चार बाजूंनी चिमटे लावून दोरीवर. त्यांनी चहा दिला. चहा संपला तरी त्या उठेनात.

“काकू, उद्या सकाळी न्यायचंय.”

“हाय ठाऊक.” त्या चित्राकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, “तीस वर्सं झाली लग्नाला. मी जे जे केलं ते समद्यांनी खाल्लं. लय चांगलं हाय म्हणूनच खाल्लं. पन ऱ्हायलं काय नाय. हे एक हाय, जे कोनाला खाता येत नाय.”

मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच वेळी मी मनात सकाळच्या रिक्षाचाही विचार करत होते, हेही खरं.

“परत आणून देईन,” मी म्हटलं.

त्या उठल्या. चिमटे स्वतः काढले, कागद जुन्या मऊ धोतरात गुंडाळला. हातात देताना म्हणाल्या, “खाली आमची नावं टाक. डब्यांवर टाकतो तशी.”

“टाकते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आम्ही नऊजण होतो. सर माझ्या चित्रापुढे थांबले. मग त्या कोपऱ्याजवळ वाकले.

“हे कशानं केलंस?”

“तांदळाच्या पिठीनं.”

“कोणी सुचवलं?”

मी घरून निघताना सगळं सांगायचं ठरवून निघाले होते. पण बाकीचे आठजण माझ्याकडे बघत होते. सहा बायकांनी लाटण्यांनी केलं म्हटलं असतं तर ते हसले असते, आणि जागा त्यांच्यातल्या कोणाला तरी गेली असती. निदान मला तसं वाटलं.

“प्रयोग करता करता सुचलं,” मी म्हटलं.

“आणि एवढा दाब? एकटीनं?”

“हो सर.”

त्यांनी मला पेन्सिल दिली. मोनोटाइपच्या खाली चित्रकार पेन्सिलनं सही करतो. मी माझी सही केली. खाली जागा भरपूर होती.

मी बडोद्याला गेले. चित्र तिथल्या नियमाप्रमाणे स्टुडिओत राहिलं, एका रुंद खणात, इतर चित्रांच्या खाली. सरांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर मला पिठीचं प्रात्यक्षिक करायला सांगितलं. मी चिमूट सोडली आणि कागदावर चिकट खळ उमटली. परत केलं, परत खळ. सर म्हणाले, इथला तांदूळ वेगळा असेल. मग कोणीतरी आंबेमोहोर आणला, कोणी बासमती दळून आणला. वर्षभर तिथली मुलं पिठ्या चाळत राहिली आणि त्या प्रकाराला माझ्या नावानं ओळखू लागली. कोणालाच ते जमलं नाही. मला तर सगळ्यात कमी.

सुट्टीत घरी आले की घोटीच्या काकू जिन्यात भेटायच्या. “लावलंय का गं भिंतीवर?”

“लावलंय. मोठ्या हॉलमध्ये.”

“नावं?”

“टाकलीत.”

त्या समाधानानं वर जायच्या आणि मी खाली उभी राहून स्वतःला शिव्या घालायची. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप सोपं होत जातं, असं म्हणतात. मला ते दर वेळी तितकंच जड गेलं. तरी मी दर वेळी बोलले.

सात वर्षांनी सरांनी स्टुडिओ बंद केला आणि सगळ्यांची चित्रं ज्याची त्याला पाठवली. मी तेव्हा नाशिकलाच चित्रकला शिकवत होते. माझ्याकडे एक लांब नळकांडं आलं. त्या सात वर्षांत सटाण्याच्या काकू गेल्या होत्या. मोठी जाऊ मुलाकडे पुण्याला राहायला गेली होती. मी चित्र टेबलावर उलगडलं, हाताशी असलेली सगळ्यात काळी, मऊ पेन्सिल घेतली आणि माझ्या सहीशेजारी एकाखाली एक सहा नावं लिहिली. मग रिक्षा केली आणि तडक घोटीच्या काकूंकडे गेले.

काकू आता वाकल्या होत्या. मी चित्र त्यांच्यापुढे जमिनीवर पसरलं. त्यांनी चित्राकडे बघितलं नाही. आधी खालची कड शोधली. चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यामुळे काही वाचायचं म्हणजे प्रत्येक अक्षराखालून बोट फिरवत वाचायच्या. आईचं नाव वाचलं. तळमजल्याच्या काकूंचं वाचलं. सटाण्याच्या काकूंच्या नावापाशी थोडं थांबल्या. दोघी जावांची वाचली. बोट पुढे सरकत होतं आणि त्याच्यामागे अक्षरं पुसट होत फरफटत चालली होती. सगळ्यात शेवटी त्यांचं नाव होतं. तिथे पोचेपर्यंत त्यांचं बोट काळं झालं होतं.

त्यांनी शेजारची माझी सही बघितली. तिच्यावरूनही बोट फिरवलं. ती सात वर्षांपूर्वीची, जागची हलली नाही.

मी बोलायला गेले. त्यांनी ते काळं बोट वर करून मला गप्प केलं आणि मग स्वतःच त्याच्याकडे बघितलं.

“जरा वाळू द्यायचं व्हतंस गं,” काकू म्हणाल्या.